पेठेतील सावली

प्रवासाहून परतलेल्या मनुष्यास ‘काय काय पाहिले?’ असे जो तो विचारतो. परंतु ‘पाहून आल्यावर पुढे काय केले?’ असे सहसा कोणी विचारीत नाही. पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्यास जिव्हा पुरेशी असते. दुसऱ्याचे उत्तर देण्यास स्वतःच्या घरात व व्यवहारात डोकावून पाहावे लागते, आणि ते कोणासही फारसे रुचत नाही. गतवर्षी आमच्या विद्यालयाच्या सहलीत नववीच्या वर्गातील एका विद्यार्थ्याच्या तोंडून एक साधे वाक्य निघाले आणि त्या वाक्याने हा दुसरा प्रश्न आमच्यापुढे उभा केला. त्याचे उत्तर देण्यास आम्हांस कित्येक महिने लागले. ते उत्तर विद्यार्थी व त्यांचे पालक यांजपुढे ठेवावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पुसदहून मुंबईस जावयाचे म्हणजे प्रथम एस. टी.च्या गाडीने वाशीमवरून अकोला गाठावयाचे व तेथून रात्रीच्या आगगाडीने निघावयाचे. मुलांच्या डोळ्यांस डोळा लागला नाही, आणि म्हणून आमच्याही लागला नाही. पहाटे गाडी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस या स्थानकात शिरली. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या शिल्पशास्त्रज्ञाने योजिलेली ही वास्तू १८७८ साली उभारावयास घेतली व सुमारे दहा वर्षांनी पुरी झाली. २००४ साली युनेस्कोने तिला जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. मुले तिचा घुमट, तिच्या भिंतींवर कोरलेली पाने, पक्षी व प्राणी पाहून थक्क झाली. समोरच महानगरपालिकेची भव्य इमारत. तीही स्टीव्हन्स यांचीच, १८९३ सालची. ही दोन्ही स्थळे आमच्या टिपणवहीत आधीच नोंदलेली होती. परंतु ज्या स्थळाने आम्हांस खरा धडा दिला, ते टिपणवहीत नव्हते. ती एक साधी वाट होती.

स्थानकातून बाहेर पडून दक्षिणेस वळले की जो हमरस्ता हुतात्मा चौकाकडे जातो, त्यास डॉक्टर दादाभाई नवरोजी मार्ग असे नाव आहे. पूर्वी त्यास हॉर्नबी रोड म्हणत. विल्यम हॉर्नबी हे १७७१ पासून १७८४ पर्यंत मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांचे नाव जाऊन, १८९२ साली इंग्लंडच्या पार्लमेंटात निवडून गेलेल्या आणि हिंदुस्थानच्या दारिद्र्याची कारणे आकड्यांनिशी मांडणाऱ्या दादाभाईंचे नाव त्या रस्त्यास मिळाले, हे यथायोग्यच झाले. एके काळी येथे कोटाचा तट होता. तटाचे लढाईच्या दृष्टीने काही प्रयोजन उरले नव्हते आणि शहर आतल्या आत गुदमरू लागले होते; म्हणून सर बार्टल फ्रियर हे गव्हर्नर असता, म्हणजे १८६२ ते १८६७ या काळात, तो पाडण्यात आला. चर्चगेट हे नाव आपण नेहमी ऐकतो. ते याच तटाच्या एका दरवाजाचे. आतील सेंट टॉमस चर्चकडे नेणारा तो दरवाजा, म्हणून त्यास ते नाव पडले. ते चर्च १७१८ साली उपासनेसाठी उघडले आणि आजही उभे आहे. दरवाजा मात्र केवळ रेल्वेस्थानकाच्या नावात उरला आहे.

तट गेल्यावर रस्ता रुंद झाला आणि त्याच्या दुतर्फा धनिकांच्या पेढ्या, विमा कंपन्यांच्या कचेऱ्या व मोठमोठी दुकाने उभी राहू लागली. ज्याच्याजवळ पैसा आहे तो आपली इमारत शेजाऱ्याहून निराळी व वरचढ दिसावी अशी इच्छा धरतोच. त्याप्रमाणे येथेही कोणी टोकदार कमानींची गॉथिक धाटणी पसंत केली, कोणी रोमन थाटाचे स्तंभ उभारले, कोणी मोगली घुमट व छज्जे चढविले. कोणी मालाडचा पिवळसर दगड वापरला, कोणी काळा बेसाल्ट, तर कोणी पोरबंदरहून आणविलेला पांढुरका दगड. एका बाजूस जे. एन. पेटिट इन्स्टिट्यूटची ग्रंथालयाची इमारत, तर दुसरीकडे इराणच्या प्राचीन शिल्पाची आठवण देणारी पारशी बांधवांची अग्यारी. असे असता हा रस्ता गबाळा, विसंगत दिसावयास हवा होता. परंतु तो तसा दिसत नाही. त्याचे कारण वर पाहून कळत नाही. खाली पाहून कळते.

१८९६ साली सरकारने असा दंडक घातला की, या रस्त्यालगत जी इमारत उठेल तिच्या तळमजल्याशी रस्त्याच्या बाजूस कमानींची पडवी असलीच पाहिजे, आणि पायी चालणारांस तीमधून जाता आले पाहिजे. वरच्या मजल्यांवर धन्याने आपली हौस खुशाल पुरवावी. खाली मात्र सर्वांनी एका रांगेत यावे. परिणाम असा झाला की एका इमारतीची पडवी संपते तेथे दुसरीची सुरू होते, आणि मनुष्य डोक्यावर ऊन वा पाऊस न घेता बराच पल्ला चालून जाऊ शकतो. वर निरनिराळ्या मतांचे, निरनिराळ्या धर्मांचे, निरनिराळ्या ऐपतीचे लोक, आणि खाली सर्वांची मिळून एक सावली, असा हा देखावा आहे.

आम्ही मुलांना घेऊन त्या सावलीतून चाललो. ऑक्टोबरातील ऊन बाहेर रणरणत होते. मुंबईचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांस आषाढ-श्रावणात या कमानींचे मोल किती असेल ते सांगावयास नको. मुलांना आम्ही दुकानांच्या दर्शनी काचा पाहावयास सांगितले. काचेवर थेट ऊन पडले तर ती आरशासारखी चमकते आणि आतला माल दिसत नाही. शिवाय उन्हाने कापडाचा रंग विटतो व पुस्तकांची वेष्टने फिकी पडतात. पडवीच्या आत काच मागे घेतलेली असल्यामुळे माल नीट दिसतो व टिकतो. पाऊस आला तर वाटसरू आडोशास थांबतो आणि थांबला म्हणजे काचेकडे पाहतो. यावरून असे दिसेल की ज्या दुकानदाराने तळमजल्याची थोडी जागा वाटसरूस दिली, त्याचा त्यात केवळ तोटाच झाला असे नाही. आणि पडवीच्या माथ्यावर, अगदी रस्त्याच्या कडेपर्यंत, त्याच्याच इमारतीचे वरचे मजले उभे आहेत. तथापि, दंडकावाचून ही गोष्ट किती जणांनी आपखुशीने केली असती, याचा विचार ज्याने त्याने करावा.

या पडव्यांत जुनी-नवी पुस्तके, घड्याळे, पट्टे, छत्र्या इत्यादी वस्तू घेऊन बसणारे पुष्कळ विक्रेते दिसतात. त्यांच्या गर्दीमुळे चालणारांस कधी कधी अडचण होते, आणि त्याविषयी तक्रारीही होतात. परंतु ज्याला दुकान नाही अशा मनुष्यास श्रीमंती बाजारपेठेत उभे राहावयास जागा मिळते ती या कमानींखालीच, हेही आम्ही मुलांच्या नजरेस आणून दिले. हे सांगताना आमचा स्वर काहीसा उपदेशकाचा झाला होता, हे आम्ही कबूल करतो.

एका कमानीपाशी आम्ही जरा अधिक वेळ थांबलो. तेथे व्हाइटअवे, लेडलॉ आणि कंपनी या विलायती मालाच्या प्रसिद्ध पेढीचे प्रशस्त दुकान होते. तिचे मुख्य ठाणे कलकत्त्यास असून युरोपियन कुटुंबांस व ऐपतदार हिंदी लोकांस लागणारे कपडे व सामान तेथे मिळे. १९२१ सालच्या जुलै अखेरीस याच मुंबईत, परळ येथे, गांधीजींच्या उपस्थितीत विलायती कापडाची होळी झाली. पुढे देश स्वतंत्र झाला आणि १९५४ पासून त्याच इमारतीत खादीचे भांडार आले. कित्येक दशके तेथे हातसुताचे कापड विकले गेले. विलायती कापड गेले, खादी आली. धनी बदलला, गिऱ्हाईक बदलले. कमान मात्र तीच राहिली आणि तिने सावली देताना कोणाच्या अंगात कोणते कापड आहे हे विचारले नाही.

येथे त्या विद्यार्थ्याने आपला पहिला प्रश्न केला. त्याने विचारले, “सर, आपण चालतो आहोत ती जागा कोणाची? दुकानदाराची की सरकारची?” प्रश्न उत्तम होता. आम्ही त्यास म्हणालो की, बाबा रे, भिंत व छत धन्याचे, वाट मात्र सर्वांची. दुकानाचे पोट धन्याच्या मालकीचे असते. परंतु त्याचे तोंड पेठेकडे असते, आणि पेठेचा त्या तोंडावर काही हक्क पोहोचतो.

या हक्काची आठवण मध्यंतरी लोक विसरले होते. कमानींच्या कोरीव दगडावर ज्याने त्याने आपापल्या नावाच्या अवाढव्य पाट्या ठोकल्या, आणि पाट्यांच्या गर्दीत इमारती दिसेनाशा झाल्या. १९९५ साली मुंबईसाठी वारसा-वास्तूंच्या रक्षणाचे नियम झाले. आपल्या देशात अशा प्रकारचे ते पहिलेच. त्यानंतर आभा नारायण लांबा या संवर्धनाचे काम करणाऱ्या वास्तुशास्त्रज्ञ बाईंनी या रस्त्यासाठी मार्गदर्शक सूचना तयार केल्या. पाटी कमानीच्या आत बसावी, तिने कमानीची वळणदार रेषा व दगडावरील नक्षी झाकू नये, अशा स्वरूपाच्या त्या साध्या सूचना होत्या. कित्येक दुकानदारांनी त्या मानल्या, आपल्या पाट्या उतरविल्या व लहान करून बसविल्या. युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक विभागाच्या वारसा-पुरस्कारांत या उद्योगाचा गौरव झाला. मोठी पाटी उतरविल्याने कोणाचे दिवाळे निघाल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही.

सावलीची ही कल्पना केवळ मुंबईची आहे असे मात्र समजू नये. इटली देशातील बोलोन्या शहराने १२८८ साली असा कायदा केला की, घरांपुढे पडवी असावी आणि ती घोड्यावर बसलेला मनुष्य जाऊ शकेल इतकी उंच असावी. आज त्या शहरात अशा पडव्यांची एकंदर लांबी सुमारे ६२ किलोमीटर भरते, आणि २०२१ साली त्यांसही जागतिक वारशाचा मान मिळाला. सिंगापूर वसविताना स्टॅम्फर्ड रॅफल्स यांनी १८२२ साली हाच दंडक घातला. तेथील दुकानांपुढील या वाटेस ‘पाच फुटी वाट’ असेच नाव पडले. आणि त्याहूनही कितीतरी प्राचीन असा एक नियम आम्ही बाळपणी रविवारच्या शाळेत शिकलो होतो. मोशेच्या नियमशास्त्रात शेतकऱ्यास अशी आज्ञा आहे की, पीक कापताना त्याने शेताचे कोपरे कापू नयेत व पडलेला सरवा वेचू नये. तो भाग गरिबासाठी व परक्यासाठी ठेवावा. बवाजाच्या शेतात रूथ जो सरवा वेचीत होती, तो याच नियमाच्या आधारे. शेत बवाजाचे होते. परंतु कोपरा रूथचा होता. या मार्गावरील पडवी म्हणजे दगडाच्या शेताचा राखलेला कोपराच नव्हे काय?

हे सारे आम्ही हुतात्मा चौकात, १८६४ साली उभारलेल्या फ्लोरा फाउंटनजवळ, मुलांना मोठ्या उत्साहाने सांगत होतो. सांगून झाल्यावर तोच विद्यार्थी म्हणाला, “सर, मग आपल्या पुसदच्या पेठेत अशी सावली का नाही?” आम्ही शिक्षकास शोभेल असे उत्तर दिले: लहान गावात असा नियम कोणी केला नाही, जागेचे भाव वाढले, लोकांस सार्वजनिक दृष्टी नाही, वगैरे वगैरे. मुलाने सर्व ऐकून घेतले आणि तो निष्पापपणे म्हणाला, “पण सर, माझे बाबा सांगतात, तुमच्या दुकानापुढे पूर्वी होती.”

आम्ही पुढे काही बोललो नाही. मुलांना रांगेत उभे राहावयास सांगितले, आणि रांग आधीच सरळ होती.

आता त्या दुकानाची हकीकत सांगणे प्राप्त आहे. आमचे वडील पुसदच्या पेठेत शिलाईचे काम करीत. दुकान लहानसे, परंतु त्यापुढे पाच फूट रुंदीचा ओटा होता. ओट्यावर सागवानी खांब होते, आणि त्या खांबांच्या माथ्याशी कोण्या जुन्या सुताराने कमळे कोरलेली होती. वर टिनाचे छप्पर. दुकान बंद करावयाचे म्हणजे उभ्या फळ्या एकामागून एक खाचेत बसवावयाच्या. फळ्यांवर आकडे घातलेले असत, आणि लहानपणी आम्ही एक ते अकरा हे आकडे शाळेत शिकण्यापूर्वी त्या फळ्यांवरच शिकलो. आमच्या पेठेत तेव्हा अशी दुकाने पुष्कळ होती. त्यांस कोणी ऐतिहासिक म्हणत नसे. आपल्या जिल्ह्याच्या रानात साग होताच. सुतारास काम येत होते. आणि दुकानापुढे ओटा असावा हे कोणाला सांगावे लागत नव्हते. मुंबईस जे सरकारच्या दंडकाने झाले, ते आमच्याकडे चालीरीतीने झाले होते.

आठवडी बाजाराच्या दिवशी त्या ओट्याचा धनी आमचा बाप नसे. खेड्यातून आलेली माणसे तेथे शिदोरी सोडीत. पावसात बैलगाडीवाले अंग चोरून उभे राहत. एक बाई दर बाजाराला हिरव्या मिरच्या व सांबार यांची टोपली घेऊन दुसऱ्या खांबाशी बसे. मुंबईकडे ज्यास कोथिंबीर म्हणतात, त्यास आमच्याकडे सांबार म्हणतात. आम्ही लहान असता ती मध्यम वयाची होती आणि आम्ही शिक्षक झालो तेव्हा म्हातारी झाली होती. परंतु तिचा खांब बदलला नाही. वडिलांनी तिच्याकडून कधी पैसा घेतला नाही. ती मात्र उठताना सांबाराची एक जुडी शिवणयंत्राजवळ ठेवून जाई. त्यास भाडे म्हणता येणार नाही, आणि दानही म्हणता येणार नाही.

वडील प्रभुघरी गेल्यावर आम्ही ते दुकान भाड्याने दिले. काही वर्षांनी भाडेकरू म्हणाला, “सर, हा ओटा आत घ्या, पुढे शटर बसवा, मी भाडे दीडपट करतो.” त्या वर्षी आमच्या कन्येस महाविद्यालयात घालावयाचे होते. आम्ही फारसा विचार केला नाही. ओट्याची जागा आमच्याच मालकीची होती. कोणाचे काही हिसकावून घेतो आहोत असे आम्हांस वाटले नाही. आठ दिवसांत खांब निघाले. जुन्या लाकडाचा व्यापारी ते फळ्यांसकट घेऊन गेला. त्या जागी लोखंडी शटर आले, आणि त्यावर रस्ताभर दिसेल असा फ्लेक्सचा फलक लागला. आम्ही तो पाहून समाधान पावलो; दुकान नवे दिसत होते.

पुढच्या बाजाराच्या दिवशी शाळेतून येताना आम्ही त्या म्हातारीस पाहिले. ती बंद शटरपुढे, भर उन्हात, टोपलीवर ओला फडका टाकून उभी होती. आम्हांस पाहून ती म्हणाली, “मास्तर, आता बसाले जागाच नाही राह्यली.” तिच्या स्वरात तक्रार नव्हती, जणू ती एक बातमी सांगत होती. आम्ही म्हणालो, “आजी, पलीकडे बघा कुठे जागा मिळते का,” आणि पुढे चालते झालो. त्या दिवसानंतर बरेच आठवडे आम्ही बाजाराच्या दिवशी दुसऱ्या रस्त्याने घरी येत होतो. कारण विचारले असते तर तो रस्ता जवळचा आहे असे आम्ही सांगितले असते. वस्तुतः तो लांबचा आहे.

हीच ती हकीकत. बवाजाच्या शेताचा कोपरा मुलांना शिकविणाऱ्या मनुष्याने स्वतःच्या शेताचा कोपरा कापून घेतला होता, आणि ते त्याच्या विद्यार्थ्यांच्या बापांस ठाऊक होते. मुंबईच्या मुक्कामात त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. तेथील इमारतींच्या धन्यांस दंडकाने भाग पाडिले, हे खरे. परंतु आम्हांस तर कोणी भाग पाडिले नव्हते. राखलेला ओटा आम्हांस आयता मिळाला होता. तो राखण्यास काही करावयाचे नव्हते. केवळ न करावयाचे होते.

पुसदला परतल्यावर आम्ही भाडेकरूकडे गेलो आणि शटर पाच फूट मागे घ्यावे असे सुचविले. तो प्रथम हसला. मग आम्ही थट्टा करीत नाही हे पाहून तो गंभीर झाला व म्हणाला, “सर, माझी कपाटे कुठे ठेवू? धंद्याचे कसे होईल?” त्याचे म्हणणे गैर नव्हते. चूक आमची, तिचा दंड त्याने का भरावा? तेव्हा भाडे कमी करावयाचे व कामाचा खर्च आम्ही सोसावयाचा, असे ठरले. आणि पाचाऐवजी साडेतीन फुटांवर तडजोड झाली. वाचकांनी यात आमचा त्याग पाहू नये. आमच्या कन्येचे शिक्षण आता पुरे झाले आहे. ते चालू असते तर आम्ही हे केले असते की नाही, हे आम्ही खात्रीने सांगू शकत नाही.

सागवानी खांब परत मिळाले नाहीत. लाकडाच्या व्यापाऱ्यास विचारले तर ते केव्हाच कोठे तरी विकले गेले होते. त्यांच्या जागी आज लोखंडी नळ्यांचे खांब आहेत. त्यांवर कमळे नाहीत. फलक भाडेकरूने आपण होऊन लहान केला, कारण छप्पर पुढे आल्यावर मोठा फलक तेथे मावेना. काम झाल्यावर पहिल्या उन्हाळ्यात त्याने ओट्याच्या कोपऱ्यावर पाण्याचा एक माठही ठेविला. आम्ही त्यास तसे सुचविले नव्हते. उन्हाचा माणूस सावलीत थांबतो, पाणी पितो, आणि मग दुकानाकडे पाहतो, असे तो आम्हांस समजावून सांगू लागला. आम्ही ते प्रथमच ऐकतो आहोत असे दाखविले.

विद्यार्थी मित्रहो, तुम्हांस एक काम सांगावयाचे आहे. येत्या सुटीत आपल्या पेठेतून एकदा सावकाश चालत जा. कोणत्या दुकानाचा ओटा अजून शाबूत आहे, कोठे सागवानी खांब अथवा फळ्यांचे दार राहिले आहे, हे पाहा. ते कागदावर काढा, त्याची रुंदी मोजा, आणि दुकानातील वडीलधाऱ्यांस ‘काका, हे कोणी बांधले?’ असे विचारा. कोणाच्या ओट्यावर बाजाराच्या दिवशी कोण बसत असे, हेही लिहून ठेवा. कारण दगडालाकडाची माहिती पुस्तकांत कोठे तरी मिळेल, परंतु ही माहिती त्या वृद्ध माणसांबरोबरच जाईल. पालकहो, तुमच्यापैकी कित्येकांची दुकाने या पेठेत आहेत. नवे बांधू नका असे आम्ही म्हणत नाही. कुटुंबाचा खर्च काय असतो हे आम्हांस ठाऊक आहे. परंतु नवे बांधताना पुढचे चार फूट कोणासाठी होते, एवढे एकदा आठवा. वर मजले चढवा, आपल्या हौसेप्रमाणे सजवा. खाली थोडी सावली राहू द्या. मुंबईच्या त्या श्रीमंती मार्गावर जे शोभले, ते आपल्या गरीब पेठेत अधिकच शोभेल.

असो. मिरच्या-सांबारवाली ती आजी आता बाजारास येत नाही. गावी अंथरुणास खिळून आहे असे कळले. तिची सून टोपली घेऊन येते. मागच्या बाजारी ती आमच्या ओट्यावर दुसऱ्या खांबाशी बसलेली आम्ही पाहिली. ही जागा पूर्वी कोणाची होती हे तिला ठाऊक नव्हते. ऊन नाही एवढे पाहून ती बसली होती. आम्ही तिच्याकडून सांबाराची एक जुडी घेतली, पैसे दिले, आणि आमच्या जवळच्या रस्त्याने घरी आलो.